खुरामागचा मळसूत्री जंतू

मागच्या पायाच्या खुरामागे, टाचेच्या बेचक्यात, एक लालबुंद ओली जखम. आकाराने रुपयाएवढी असली तरी ती इतकी ठणकते, की गाय पाय टेकायला तयार नसते आणि दूध आटू लागते. इटलीतल्या चेली आणि मोर्तेलारो यांनी १९७४ साली या रोगाची पहिली नोंद केली. आपल्याकडे खुराचा आजार म्हटला की लाळ्या-खुरकूत आठवते. पण ती विषाणूची करणी आणि तिचे फोड तोंडातही येतात. हे दुखणे निराळे.

शेणामुतात सतत भिजणाऱ्या जखमेत जंतूंना काय तोटा! त्यातला गुन्हेगार कोण आणि नुसता बघ्या कोण? कातडीच्या कापांना चांदीचे रंजन दिल्यावर सुगावा लागला. वरच्या थरांत नाना जंतूंची खिचडी होती. खोलवर मात्र मळसूत्रासारख्या पीळदार जंतूंचीच गर्दी दिसली. हे ट्रेपोनेमा, म्हणजे माणसाला उपदंश देणाऱ्या जंतूचे भाऊबंद.

दिसले, तरी ते वाढवायचे कसे? हे कुळ मोठे नखरेल. उपदंशाचा जंतू १९०५ साली सापडला, पण प्रयोगशाळेत तो सलग वाढवत ठेवणे जमायला २०१८ उजाडले. खुरातल्या जंतूंना प्राणवायू सोसत नाही, ते सावकाश वाढतात आणि तोवर बाकीचे जंतू सगळे अन्न फस्त करतात. इंग्लंडमध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या निकोलस इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी प्राणवायूविरहित पेटीत, सीरम घातलेल्या द्रवात नमुने ठेवले आणि त्यात रिफॅम्पिसिन व एन्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके मिसळली. इतर जंतूंना आवर बसला, ट्रेपोनेमा तगले. २००८ साली या गटाने ब्रिटिश गाईंच्या जखमांतून वेगवेगळे तीन गट हाती आल्याचे जाहीर केले.

त्यातला एक माणसाच्या हिरड्यांत राहणाऱ्या ट्रेपोनेमा डेंटिकोलाच्या जवळचा निघाला. पण जवळचा म्हणजे तोच नव्हे. जीवाणूंची सोयरीक जुळवताना १६एस हा सुमारे दीड हजार अक्षरांचा जनुक आधी वाचतात. तेवढ्यावर भागत नाही; कोणती विकरे तयार होतात, कशावर पोसतो, हेही तपासावे लागते. नव्या जातीचा नमुनेदार वाण दोन देशांतल्या जंतुसंग्रहांत जमा करावा लागतो. ही सगळी कागदपत्रे पुरी झाली आणि २००९ मध्ये ‘ट्रेपोनेमा पेडिस’ ही जात अधिकृत झाली. तिचा वाण ‘टी३५५२बी’ या रुक्ष नावाने ओळखला जातो.

नाव मिळाले म्हणून एकट्यावर खटला भरता येत नाही. एकाच जखमेत दोन-तीन जातींचे ट्रेपोनेमा सापडतात, त्यामुळे ‘एक रोग, एक जंतू’ हा जंतुशास्त्रज्ञ कॉखचा जुना हिशेब इथे जुळत नाही. गोठ्यातला इलाज अजून तसा साधाच आहे: जखमेवर टेट्रासायक्लिनचा फवारा, आणि मोरचुदाच्या पाण्यातून कळप चालवणे. पुढे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात लंगडणाऱ्या रानटी एल्क हरणांच्या खुरांतही असेच ट्रेपोनेमा सापडले. तिथे मोरचुदाच्या पाण्यातून कळप कोण चालवणार?