एका प्याद्याला किती चाली?

प्यादे एका गुणाचे, घोडा आणि उंट तीन-तीन गुणांचे, हत्ती पाच आणि वजीर नऊ. बुद्धिबळातला हा हिशोब मुलांना चटकन पटतो. मग डाव सुरू होतो न होतो तोच कोणी आपले प्यादे आपणहून का मारू द्यावे? अशा सुरुवातीला गॅम्बिट म्हणतात. शब्द मूळचा इटालियन, पाय घालून पाडणे या अर्थाचा. कुस्ती पाहिलेल्यांना तो समजावून सांगायला नको. मात्र गॅम्बिट म्हणजे निव्वळ फसवणूक नव्हे. प्यादे देऊन त्याबदली वेळ विकत घेतलेला असतो.

एव्हान्स गॅम्बिट पाहू. वेल्समधील जहाजाचे कप्तान विल्यम डेव्हिस एव्हान्स यांनी १८२० च्या दशकात तो शोधला. दोघांनी राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. पांढऱ्याचा घोडा एफ ३ वर, काळ्याचा सी ६ वर आला. उंट अनुक्रमे सी ४ व सी ५ वर बसले. आता पांढरा चौथ्या चालीला प्यादे बी ४ वर ठेवतो. काळ्याचा उंट ते मारतो. लगेच पांढऱ्याचे दुसरे प्यादे सी ३ वर येते आणि उंटाला पुन्हा पळावे लागते. पट मांडून विद्यार्थ्यांना मोजू द्यावे: काळ्याच्या पहिल्या पाच चालींपैकी तीन एकट्या उंटाच्या! दरम्यान पांढरा डी ४ खेळून पटाचा मध्य धरायला मोकळा.

पण प्यादे अखेरपर्यंत उपयोगी पडते, चालींची आघाडी मात्र विरून जाते. जगज्जेत्या इमॅन्युएल लास्कर यांनी यावर साधा उपाय दाखवला. हाव न धरता मिळालेले प्यादे परत द्यावे, वजीर मारामारीत जाऊ द्यावेत. मग पांढऱ्याची विस्कळीत प्यादीच त्याला जड जातात. आम्हांला हा उपाय गॅम्बिटइतकाच शिकण्याजोगा वाटतो. आजचे संगणकही या सुरुवातीत पांढऱ्याचा वरचष्मा मान्य करत नाहीत.

तरीही १९९५ मध्ये रिगा येथे गॅरी कास्पारोव्हने विश्वनाथन आनंदविरुद्ध हाच गॅम्बिट काढला. आनंदने प्यादे घेतले आणि उंट ई ७ वर मागे नेला. पुढे त्याच्या घोड्यांना पटभर धावावे लागले. पहिल्या १४ चालींत सात घोड्यांच्या, तीन त्या एका उंटाच्या. उरलेल्या चार प्याद्यांच्या. कास्पारोव्हने बाराव्या चालीलाच किल्लेकोट केला, आनंदला तो कधीच जमला नाही. २५ व्या चालीला कास्पारोव्हचा हत्ती ई १ वर आला आणि आनंदने डाव सोडला. त्या क्षणी पटावरची प्यादी मोजली, तर आनंदची सहा होती आणि कास्पारोव्हची चार.