हनुवटी शिवली, जबडा राहिला

आमच्या बचत गटातल्या एक वहिनी मागच्या पावसाळ्यात दिराच्या मोटारसायकलवरून पडल्या. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, गतिरोधक दिसला नाही, थेट हनुवटीवर आपटल्या. जवळच्या दवाखान्यात तीन टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आणि त्या घरी आल्या. "दात एकमेकांवर बसत नाहीत हो," असं त्या सारखं सांगत होत्या. सूज उतरली की बसतील, असं आम्हीच म्हणालो. मीही त्यात होते. चौथ्या दिवशी ताप आला, तोंडाला घाण वास येऊ लागला, तेव्हा धावाधाव झाली. एक्स-रेत खालचा जबडा मोडलेला निघाला. तोही 'उघडा' मोडलेला.

हाड तर बाहेर आलं नव्हतं, मग उघडा कसा? डॉक्टरांनी समजावलं ते असं : खालच्या जबड्यात दात रोवलेले असतात. दातांच्या ओळीत हाड मोडलं की तिथली हिरडी फाटते आणि तोंडातली लाळ, जंतू थेट मोडलेल्या हाडाला भिडतात. गालाची कातडी शाबूत असली तरी ते हाड उघडंच. म्हणून अँटिबायोटिक लगेच सुरू करावं लागतं.

मैत्रिणींनो, हनुवटीला मार लागला की आधी दात मिटून बघा. नेहमीसारखे जुळत नसतील, दातांच्या रांगेत पायरी पडली असेल, जिभेखाली रक्त साकळलं असेल किंवा खालचा ओठ बधिर वाटत असेल, तर नुसत्या टाक्यांवर समाधान मानू नका. मार हनुवटीला आणि मोड कानाजवळ, असंही होतं. लहान मुलांत तो राहून गेला तर पुढे तोंड उघडेनासं होऊ शकतं.

अशा माणसाला शुद्ध असेल तर उताणं झोपवू नका, पुढे वाकवून बसवा, म्हणजे रक्त घशात जात नाही. स्वच्छ कापड दाबून धरा. जखमेत हळद भरू नका, पाणी-चहा काही पाजू नका. १०८ ला फोन करा. पोलीस केस आहे म्हणून उपचार थांबवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलंय.

याचे सर्जन वेगळे असतात, दातांच्या कॉलेजात हमखास भेटतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॉलेजं आहेत. तोंडाच्या आतूनच टायटॅनियमची पट्टी स्क्रूने बसवतात किंवा वरचे-खालचे दात तारेने बांधून ठेवतात. वहिनींना उशीर झालेला, पू झालेला, म्हणून दोन्ही करावं लागलं. मोडीतला एक दातही गेला.

पाच आठवडे तोंड बंद! मग आमच्या स्वयंपाकघरांची परीक्षा. गाळलेली भाताची पेज, मुगाच्या वरणाचं पाणी तूप घालून, नाचणीची आंबील, ताक, मिक्सरमधून काढून गाळलेली भाजी. थोडं थोडं, दिवसातून सात-आठ वेळा. प्रत्येक वेळी मिठाच्या कोमट पाण्याने चूळ, लहान मुलांच्या ब्रशने तारा साफ. आणि तार कापायची छोटी कात्री सतत उशाशी, उलटी झाली तर जीव गुदमरू नये म्हणून.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितेच. 'न्हाणीत पाय घसरला' सांगणाऱ्या बाईचा जबडा कधी कधी ठोशाने मोडलेला असतो. डॉक्टरांना खरं सांगा. केसपेपरवर तशी नोंद झाली की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागताना तो कागद कामी येतो. मदतीला १८१ आहे.

वहिनींच्या तारा निघाल्या. सुरुवातीला जेमतेम एक बोट मावेल एवढंच तोंड उघडायचं, रोज व्यायाम करून आता भाकरी खातात. खालचा ओठ मात्र अजून अर्धा बधिर आहे. चहा किती गरम ते कळत नाही, म्हणून बशीत ओतून, फुंकर मारून पितात.