वेदनाशमन : अनेकांचे कार्य

अफूच्या बोंडातील चिकापासून मिळणारे मॉर्फिन कर्करोगाच्या तीव्र वेदना शमविते. परंतु मात्रा चुकल्यास श्वसन मंदावते आणि अविचारी वापराने व्यसन जडते. व्यसनास आळा घालण्यासाठी भारतात १९८५ साली कडक कायदा झाला. त्यामुळे रुग्णालयांनाही मॉर्फिन मिळविणे दुरापास्त झाले व असंख्य रुग्ण तळमळत राहिले. १९९३ साली केरळातील कोझिकोड येथे डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार प्रभृतींनी वेदनाशमनासाठी संस्था स्थापन केली. डॉक्टरांनी मात्रा ठरवावी, परिचारिकांनी घरी जाऊन रुग्णास पाहावे, स्वयंसेवकांनी कुटुंबास धीर द्यावा, अशी तेथील कार्यपद्धती. २०१४ साली कायद्यातही सुधारणा झाली. मॉर्फिन हे औषधच राहावे, विष होऊ नये, यासाठी इतक्या सर्वांची दक्षता लागते.