तळखडा आणि स्थूणा : घराच्या पायाविषयीं कांहीं विचार

जुन्या दप्तरांत घराविषयींचे उल्लेख अनेक सांपडतात. घर किती खणांचें, चौक किती, लांकूड किती लागलें, चुन्यास काय पडलें, हें त्यांवरून समजतें. पायाविषयीं मात्र आमच्या पाहण्यांत आलेल्या कागदांत क्वचितच एखादा शब्द असतो. पाया एकदां बुजला कीं तो दृष्टीआड होतो, आणि बहुधा लेखणीआडही होतो. सध्यां पुण्याच्या पेठांतून जुने वाडे उतरवून त्यांच्या जागीं अनेकमजली इमारती उभ्या राहत आहेत, व त्यांसाठीं जमिनी खोल खणल्या जात आहेत. अशा वेळीं रुंद पाटीचा पाया म्हणजे काय, पाईलचा पाया म्हणजे काय, आणि कागदपत्रांच्या संग्राहकांचा या विषयाशीं कोणता संबंध पोंचतो, हें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

पायाचें पहिलें काम घराचा भार जमिनीला सोसेल अशा रीतीनें तिच्यावर सोंपविणें, हें होय. भिंतीच्या दर मीटर लांबीवर १२ टन भार आहे असें समजूं. पाया ६० सेंटिमीटर रुंद असेल तर जमिनीच्या दर चौरस मीटरावर २० टन दाब येईल. तोच पाया १२० सेंटिमीटर रुंद केला तर दाब १० टनांवर उतरेल. घर तेंच, भारही तोच. पण खालच्या मातीस पडणारा ताण निम्मा झाला. दुसरी गोष्ट अशी कीं, घर थोडेंसें खचणें हें तितकें भयंकर नव्हे. सगळें घर सारखें खचलें तर फारसें बिघडत नाहीं; एक कोपरा खचला व दुसरा जागींच राहिला, तर भिंत चिरते. म्हणून पायाचें दुसरें काम हें कीं, घर खचलेंच तर तें सर्वत्र सारखें खचावें.

भार पसरून देण्याचें हें तत्त्व आपल्या जुन्या सुतारांस व गवंड्यांस चांगलें अवगत होतें. कोणत्याही वाड्याच्या सोप्यांत जाऊन लांकडी खांबाचें बूड पाहावें. खांब जमिनींत पुरलेला नसून घडीव दगडावर उभा असतो. हाच तळखडा. तो खांबाचा भार स्वतःच्या अधिक रुंद तळावर घेतो आणि लांकडास ओल व वाळवी यांपासून दूर ठेवितो. आजच्या काँक्रीटच्या खांबाखालीं जें चौकोनी फुटिंग घालतात, तें तत्त्वतः तळखड्याचेंच मोठें रूप होय. जमीन अधिक हलकी असेल तर फुटिंगें इतकीं मोठीं करावीं लागतात कीं तीं एकमेकांस भिडूं लागतात. मग तीं सारीं एक करून घराच्या सगळ्या तळाखालीं लोखंडी सळ्यांची एकच जाड पाटी घालितात. तिला राफ्ट, म्हणजे तराफा, म्हणतात. तराफ्यावरचीं माणसें पाण्यावर जशीं एकत्र वरखालीं होतात, तसें घर या पाटीवर एकजीव राहतें.

दुसरा मार्ग याच्या उलट आहे. वरची माती भार सोसण्यास लायक नसेल तर तिच्यावर भार पसरण्याऐवजीं तिला ओलांडून खालीं जावें. संस्कृतांत स्थूणा म्हणजे घराचा खांब. वेदान्ताच्या भाष्यांतून येणारा स्थूणानिखननन्याय वाचकांस परिचित असेलच : खांब पुरतांना तो पुनःपुन्हां हलवून पाहतात व पुनःपुन्हां ठोकतात, तेव्हां तो दृढ होतो, तसा सिद्धान्तही आक्षेप व समाधान यांनीं दृढ होतो. दृष्टान्त देणाऱ्यानें खांब पुरणारे पाहिलेले असावेत, यांत शंका नाहीं. आजच्या पाईललाही स्थूणा हा शब्द शोभतो.

पाईल भार दोन रीतींनीं पेलतो. त्याचें टोंक खडकावर टेंकलें असेल तर तो भार सरळ खडकास देतो. खडक फार खोल असेल तर त्याच्या अंगाचें व भोंवतालच्या मातीचें घर्षण त्याला धरून ठेवितें. भिजलेल्या जमिनींत रोवलेली काठी उपटतांना हाताला जो विरोध होतो, तोच हा. हॉलंडांतील ॲमस्टरडॅम येथील राजवाडा सतराव्या शतकांत १३,६५९ लांकडी पाईलांवर उभारला गेला. तेथील पाईल पाण्याखालीं बुडालेले राहिले म्हणजे कुजत नाहींत. पाणी उतरून त्यांस हवा लागली कीं कुजूं लागतात. आपल्याकडे हल्लीं जमिनींत भोंक पाडून त्यांत सळ्यांचा पिंजरा सोडतात व काँक्रीट ओततात. दाट वस्तींत हीच रीत बरी. कारण घणानें पाईल ठोकले तर त्या हादऱ्यांनीं शेजारच्या मातीच्या भिंती खिळखिळ्या होतात.

काळ्या मातीची गोष्ट निराळी आहे. ती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. म्हणजे ती घराला केवळ खालीं जाऊं देत नाहीं, वरही उचलते. अशा जमिनीसाठीं रुरकी येथील केंद्रीय संशोधन संस्थेनें बुडाशीं कंद असलेले पाईल प्रचारांत आणिले. कंदाचा व्यास सामान्यतः दांड्याच्या अडीचपट असतो, आणि माती खोलवर असेल तेथें पाईल निदान साडेतीन मीटर खालीं नेतात; कारण ऋतूंप्रमाणें होणारा ओलाव्याचा फेरबदल तेथवर पोंचत नाहीं. वरची माती फुगली तरी खालचा कंद पाईलास धरून ठेवितो.

तेव्हां पाटी कीं पाईल, हा प्रश्न घर पाहून सुटत नाहीं, जमीन पाहून सुटतो. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या वास्तुविद्येंत भूमिपरीक्षा सांगितली आहे. हातभर खड्डा खणून त्याच मातीनें तो भरावा. माती उरली तर भूमि उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर अनिष्ट. किंवा खड्डा पाण्यानें भरून शंभर पावलें जाऊन यावें व पाणी उतरलें कीं काय तें पाहावें. हें शुभाशुभाच्या भाषेंत असलें तरी आंतील निरीक्षण खरें आहे. घट्ट माती खणल्यावर सैल होऊन अधिक जागा व्यापते, म्हणून उरते. आधींच पोकळ असलेली भराव माती पुन्हां भरतांना दबते, म्हणून कमी पडते. उणीव इतकीच कीं, ही परीक्षा हातभरच खोल आहे. हल्लीं यंत्रानें भोंकें घेऊन खडकापर्यंतचे थर तपासतात, आणि एका नव्हे, अनेक ठिकाणीं तपासतात.

पुण्यांत ही अनेक ठिकाणांची अट विशेष महत्त्वाची आहे. नदीपलीकडे पाताळेश्वराचें लेणें जमिनीलगतच्या अखंड काळ्या खडकांत कोरलें आहे. तेथें पायाचा प्रश्नच उद्भवला नाहीं. अलीकडे, मुठेच्या उजव्या काठावरील पेठांत, खडकावर कोठें मुरूम, कोठें गाळ, तर कोठें पांढरी आहे. शेताची ती काळी व गांवठाणाची ती पांढरी, हा आपला जुना भेद येथें उपयोगीं पडतो. पांढरी म्हणजे पिढ्यान्पिढ्यांची राख, पडक्या भिंतींची माती व खापरें. पुराणवस्तूंच्या अभ्यासकाला ती मोलाची, पण बांधणाऱ्याला ती भरवंशाची नव्हे. शिवाय आंबील ओढा पूर्वीं शहराच्या मध्यांतून वाहत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं तो वळविण्यांत आला. जुनें पात्र बुजलें, त्यावर घरें झालीं. पण खालचा गाळ व गोटे कोठें गेले नाहींत.

पाया चांगला असला म्हणजे काय होतें, याची साक्ष शनिवारवाड्यांत आहे. त्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला. २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगींत वरचे मजले जळून गेले. दगडी जोतीं मात्र आज तेथें उभीं आहेत, व त्यांवरूनच आपण दालनांची मांडणी वाचतों. उलट, १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पूर आला, तेव्हां नदीकांठच्या पेठांतील मातीच्या कामाचीं अनेक घरें भिजून बसलीं.

आतां आमच्या पाहण्यांतील एक प्रसंग. कांहीं वर्षांपूर्वीं एका पेठेंत एक वाडा उतरवून इमारतीसाठीं खणती सुरू झाली. रस्त्याकडच्या कोपऱ्यांत एकच खड्डा घेऊन पाहिला होता; तेथें सहा फुटांवर मुरूम लागला, व त्यावरून सर्वत्र फुटिंगें योजिलीं. मागच्या अंगास मात्र मुरूम लागेना. काळा गाळ, गुळगुळीत गोटे व शिंपले निघूं लागले. मुरूम गांठण्यासाठीं शेजारच्या जुन्या घराच्या पायाहूनही खालीं खणलें. पावसाच्या एका रात्रीं त्या घराखालची माती खड्ड्यांत ओघळली, भिंत वरपासून खालपर्यंत चिरली, आणि तेथल्या कुटुंबास भरल्या पावसांत घर सोडावें लागलें. पुढें त्या जागीं पाईल घातलेच. पण फाटलेलें घर सांधलें नाहीं. पुढें आमचे रुमाल चाळतांना त्याच जागेच्या एका मोडी खरेदीखताची नक्कल हातीं आली. चतुःसीमेंत स्पष्ट लिहिलें होतें : पश्चिमेस ओढा. ती नक्कल आम्हींच कित्येक वर्षांपूर्वीं केली होती. त्या ओळीचा अर्थ जमिनीवर जाऊन लावावा, हें आमच्या मनांत आलें नव्हतें.

या दोषाचें परिमार्जन म्हणून दोन सूचना करितों. चतुःसीमांत येणारे ओढे, विहिरी, नळ, खंदक, उकिरडे यांची पेठवार यादी संग्राहकांनीं करावी व घर बांधणाराने मागितल्यास ती निःसंकोच द्यावी. असा कागद भूमिपरीक्षेची जागा घेणार नाहीं. पण भोंक कोठें घ्यावें, हें तो सांगूं शकतो. दुसरी सूचना उलट बाजूची. पाईलाचें भोंक लहान असतें, पण त्यांतून निघणाऱ्या मातीचे थर मिसळून जातात. पाटीसाठीं केलेली सलग खणती जुने थर अजिबात काढून टाकते. मात्र तिच्या कडेच्या उभ्या भिंतींत ते थोडे दिवस उघडे दिसतात. तेवढ्या दिवसांत मालकाची परवानगी घेऊन तेथें जावें, थरांची खोली मोजावी, खापरें कोणत्या थरांत आहेत तें टिपावें. एकदां काँक्रीट पडलें म्हणजे तें पान कायमचें मिटलें.

आम्ही दप्तरें जपतों. पण ज्या जमिनीविषयीं तीं दप्तरें बोलतात, ती आपल्या पायांखालीं आहे. कागद आणि खड्डा एकमेकांशेजारीं ठेवून वाचले असते, तर एक घर वांचलें असतें.