राजूने मीनाची कामं केली तेव्हा

आंबा एकच, पण राजूला मोठी फोड आणि मीनाला लहान. मुलाला जास्त लागतं, असं घरातली मोठी माणसं धरूनच चालतात. मीना सरळ विचारते, मीही दिवसभर राबते, मग मला कमी का? मग दोघं एका दिवसापुरती कामांची अदलाबदल करतात. बहिणीची कामं करून राजूचा पुरता पिट्ट्या पडतो आणि तिला बरोबरीचा वाटा मिळायला हवा, हे त्यालाच पटतं.

‘मीना’ या कार्टून मालिकेतली ही गोष्ट. सार्क देशांनी 1991 ते 2000 हे मुलींचं दशक म्हणून जाहीर केलं, त्या काळात युनिसेफने बांगलादेशातून हे काम सुरू केलं. मीनाला रूप दिलं मुंबईच्या राम मोहन यांनी. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात तयार झालेले हे चित्रकार. बांगलादेश, भारत, नेपाळ, पाकिस्तान अशा कुठल्याही गावात आपली वाटेल अशी मुलगी त्यांना काढायची होती. म्हणून नाव आणि कपडे लोकांना दाखवून, विचारून ठरवले गेले.

दुसऱ्या एका गोष्टीत मीनाला शाळेत पाठवत नाहीत. तिचा पोपट मिठू वर्गाबाहेर बसून बेचा पाढा ऐकतो आणि तिला शिकवतो. त्या जोरावर ती कोंबड्या मोजते, एक कमी भरते आणि चोर सापडतो. मुलीच्या शिक्षणाचा फायदा वडिलांना अंगणातच दिसतो. मीना घर सोडून जात नाही, कुणाला पाण्यात पाहत नाही. तिला त्याच घरात वाढायचं आहे, म्हणून ती आजीला, वडिलांना, भावाला सोबत घेते. मालिकेतलं हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

पण पडद्यावर राजू बदलला म्हणून आपल्या घरातला राजू आपोआप बदलत नाही. गोष्ट संपल्यावर त्यावर बोलणं व्हायला हवं, आणि मुलांइतकंच मोठ्यांमध्येही. उत्तर प्रदेशातल्या शाळांत यातूनच मीना मंच उभे राहिले. शाळेत येणं बंद झालेल्या मैत्रिणीच्या घरी मुली जातात, आईवडिलांशी बोलतात. महाराष्ट्रातल्या मंचाचं नाव ‘मीना-राजू मंच’ आहे, आणि ते फार योग्य आहे. भांडी कुणी घासायची, धाकट्याला कुणी सांभाळायचं, हे राजू समोर नसताना कसं ठरणार?

इथे अशा मंचांची निकड किती आहे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून दिसतं. 2019-21च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं होतं. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबापुढे वयात येणाऱ्या मुलीला कुणाच्या भरवशावर मागे ठेवायचं, हा खरा प्रश्न असतो. तिला सोबत नेलं की शाळा सुटते, आणि काळजीपोटी लग्न लवकर उरकलं जातं. अशा आईवडिलांना नुसतं कार्टून दाखवून भागणार नाही. गावात मुलीच्या राहण्या-जेवणाची सोय हवी, तिच्यावर लक्ष ठेवणारी शेजारीण हवी.

मंचातल्या तेरा वर्षांच्या मुलीने वर्गमैत्रिणीचं लग्न ठरल्याची बातमी आणली, तर पुढचं ओझं तिच्यावर टाकू नये. महाराष्ट्रात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हा कायद्याने गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कुणालाही फोन करता येतो. बातमी आणणाऱ्या मुलीचं नाव गावात फुटू न देता मुख्याध्यापकांनी किंवा अंगणवाडी ताईंनी तो फोन त्याच दिवशी करावा.