उन्हाची वही

संध्याकाळीं देवापुढें निरांजन लागलें कीं माहूर येथील आमच्या घरीं आणखी एक नित्यकर्म होत असतें. पुतणी जिन्याखालच्या इन्व्हर्टरवरील त्या दिवसाचा आकडा मोठ्यानें वाचते, पुतण्या तो वहींत उतरवितो, आणि मातोश्री ओटीवरूनच शेवटचा रकाना सांगतात: "आकाश स्वच्छ", "दुपारनंतर ढग", "सकाळीं धुकें". तारीख, युनिट आणि आकाश, एवढे तीनच रकाने. या वहीचें प्रयोजन काय, असें पाहुणे आम्हांस विचारतात. त्याचें उत्तर म्हणून आमच्याच घरांत घडलेली एक गोष्ट वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण ज्यांच्या गच्चीवर असे संच बसले आहेत, त्या कुटुंबांत तसाच प्रसंग येण्याचा संभव आहे.

सन २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें 'प्रधानमंत्री सूर्यघर' योजना सुरू केली. तींत घरगुती संचास पहिल्या दोन किलोवॅटांपर्यंत दर किलोवॅटामागें ३०,००० रुपये व तिसऱ्यास १८,००० रुपये, म्हणजे जास्तींत जास्त ७८,००० रुपये साहाय्य मिळूं लागलें. त्याच वर्षीं आमच्या थोरल्या बंधूंनीं सहा पॅनेलांचा, ३ किलोवॅटांचा संच बसविला. पॅनेलांतील सिलिकॉनवर ऊन पडलें कीं वीज निर्माण होते व इन्व्हर्टर तिला घरगुती उपयोगाचें रूप देतो. घरांत लागेल तेवढी घरांत खपते. उरलेली नेट मीटरमधून महावितरणच्या तारांवर जाते. रात्रीं लागणारी तिकडून येते. महिनाअखेर आलेल्या आणि गेलेल्या युनिटांची वजाबाकी होऊन बिल निघतें. वही ठेवण्याचा छंद मात्र मुलांचा. वडील मंडळी ती उघडूनही पाहत नसत.

नोव्हेंबरच्या बिलांत २५ युनिटें उलट आमच्याच खात्यांत जमा होतीं. घरांत आनंदीआनंद झाला. पुढें दत्तजयंतीची यात्रा आली, चार पाहुणे उतरले व गेले, आणि डिसेंबरच्या बिलांत ५५ युनिटांचे पैसे भरण्याची पाळी आली. थोरल्या बंधूंचा संशय धाकट्या भावजयीवर गेला. ती त्याच वर्षीं लग्न होऊन घरांत आली होती. संगणकावरील नोकरी घरूनच करीत असे. कपडे धुण्याचें यंत्रही तिच्याच आग्रहानें आलें होतें. "दिवसभर यंत्रें चालल्यावर बिल वाढणारच," एवढेंच बंधू बोलले; परंतु तें तिला ऐकूं जाईल अशा बेतानें बोलले. ती कांहींच बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे न्हाणींत हातानें कपडे धुण्याचा आवाज येऊं लागला.

तो आवाज मातोश्रींनीं ऐकला. जेवणें झाल्यावर त्या बंधूंस म्हणाल्या, "आधीं मुलांची वही आण, मग कोणाला काय बोलायचें तें बोल."

वही आली, बिलें आलीं, आणि आम्ही सारे हिशेबास बसलों. तेव्हां पहिली गोष्ट ध्यानांत आली ती ही कीं, घराचा खरा खप बिलावर कोठेंच लिहिलेला नसतो. दिवसा निर्माण होऊन तेथल्या तेथें खपलेली वीज नेट मीटरपर्यंत पोंचतच नाहीं. तिचा पत्ता केवळ इन्व्हर्टरच्या आकड्यावरून लागतो. म्हणून निर्मितींतून बाहेर गेलेली वीज वजा करावी व बाहेरून आलेली मिळवावी, म्हणजे खप निघतो. डिसेंबरची निर्मिती ३०२, गेलेली १५०, आलेली २०५. अर्थात् खप ३५७. नोव्हेंबरची निर्मिती ३७५, गेलेली २१५, आलेली १९०, खप ३५०. पाहुण्यांचा पाहुणचार धरूनही खप वाढला होता अवघा सात युनिटांनीं. निर्मिती मात्र ७३ युनिटांनीं घटली होती. थोरल्या बंधूंनीं ती बेरीज-वजाबाकी दोनदां तपासली, आणि तेथेंच सर्वांसमक्ष आपली चूक कबूल केली.

आतां प्रश्न राहिला तो घट कशाची हा. ढगांची म्हणावी, तर मातोश्रींच्या रकान्यांत डिसेंबरचे बहुतेक दिवस "स्वच्छ" होते. अशा दिवशीं नोव्हेंबरांत साडेबारा युनिटें पडत, आतां दहाही पडत नव्हतीं. धुळीची म्हणून पॅनेलें सकाळच्या थंड वेळीं पाण्यानें धुतलीं. आकडा जेमतेम हालला. तेव्हां भावजयीनेंच मोबाईलवर निर्मितीची तासावारी रेषा काढून दाखविली. निर्मळ दिवशीं ही रेषा टेकडीसारखी चढते व उतरते. तिचा माथा माहुरांत बरोबर बारास येत नाहीं; भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि आमचें गांव अठ्ठ्याहत्तराच्याही किंचित् पश्चिमेस, त्यामुळें येथील माध्यान्ह सरासरीनें सव्वाबाराच्या पुढें होतो. आमच्या रेषेंत मात्र नेमकी दहापासून एकपर्यंत खांच पडली होती. धूळ असती तर सारी टेकडीच सारखी खचली असती. खांच पडते ती सावलीनें.

मुलें गच्चीवर धांवलीं. अंगणांत दक्षिणेस जो आंबा आहे, त्याच्या शेंड्याची सावली दोन पॅनेलांवर पडली होती. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत माहुरांत सूर्य माध्यान्हीं डोक्यावर येतो. डिसेंबरच्या अखेरीस तोच क्षितिजापासून सुमारें ४७ अंशांवर राहतो, आणि झाडाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी उत्तरेस लांबते. पॅनेलें माळेसारखीं एकामागून एक जोडलेलीं असल्यामुळें दोहोंवर सावली आली तरी तिचा उपद्रव इतरांसही पोंचतो. उन्हाळ्यांत संच बसविणाऱ्यास ही सावली दिसली नाहीं यांत नवल नाहीं.

"मग आंबाच काढावा," असें बंधू म्हणाले. परंतु त्यांचा स्वर पडला. तो आंबा आमच्या कैलासवासी तीर्थरूपांनीं लावलेला. मातोश्री क्षणभर गप्प राहिल्या, आणि नातीस म्हणाल्या, "वर्षांत याची खोट किती होते, तें काढ बरें." सावली नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत पडते, सारी मिळून खोट दोनशें युनिटांच्या आंतबाहेर निघाली. तीन किलोवॅटांच्या संचाची वर्षाची निर्मिती चार हजारांच्या आसपास. "म्हणजे विसांतला एक वांटा," मातोश्री म्हणाल्या, "तेवढा त्यांच्या झाडाचा राहूं द्या." आंबा राहिला. फळें उतरल्यावर गच्चीकडे झुकलेल्या दोन उंच फांद्या तेवढ्या उतरविल्या, आणि गतवर्षींच्या हिंवाळ्यांत ती खोट निम्म्यावर आली.

या वहीवरून आम्हांस जें कळलें तें थोडक्यांत सांगतों. एका दिवसाच्या आकड्यावरून कांहींच ठरवूं नये. श्रावणांतील झाकोळलेल्या दिवशीं चारपांच युनिटें पडलीं तरी संच निर्दोष असूं शकतो. स्वच्छ दिवसाची तुलना त्याच ऋतूंतील स्वच्छ दिवसाशींच करावी. वैशाखांत ऊन प्रखर म्हणून निर्मिती त्याच मानानें वाढेल ही अपेक्षाही व्यर्थ आहे. पॅनेल २५ अंशांपुढें जितकें तापेल, तितकें दर अंशास शेंकडा ०.३ ते ०.४ नें मंद होतें. ६५ अंशांस पोंचल्यावर ही तूट १२ ते १६ पर्यंत जाते. गांवची वीज गेली असतां साधा, बॅटरीवांचूनचा संच आपणहून थांबतो. तारांवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठीं ती योजना आहे. मोबाईलवर शून्य दिसलें तर घाबरूं नये. पुष्कळदां केवळ वायफाय तुटलेलें असतें. अशा वेळीं प्रत्यक्ष इन्व्हर्टरवरचा आकडा वाचावा. तेथेंही स्वच्छ दुपारीं, गांवची वीज असतां, शून्य असेल, तर मात्र त्याच दिवशीं जाणत्या माणसास बोलवावें.

हीं कामें कोणत्याही घरास दोन मिनिटांत करतां येण्यासारखीं आहेत. आतां महिन्याचा मेळ आमची धाकटी भावजय घालते आणि थोरले बंधू तो वाचून खालीं सही करतात. कपडे यंत्रांतच धुतले जातात. गेल्या डिसेंबरांत बिल पुन्हां थोडें वाढलें, तेव्हां घरांत कोणी कोणाकडे पाहिलें नाहीं. बंधूंनीं फक्त "वही आणा" म्हटलें.