खेळयंत्र आणि फोन : एक हिशेब

लातूर-नांदेडकडच्या बाजारपेठांतून १९९० च्या दशकात पडत्या विटा रचण्याचा एक छोटा खेळ मिळत असे. सेलवर चालणारी ती वस्तू खेळाखेरीज दुसरे काहीही करीत नसे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ साली काढलेल्या ‘गेम बॉय’चा तो गरीब चुलतभाऊच म्हणावयाचा. आज गंजगोलाईत त्याची चौकशी करणारा ग्राहक विरळा. तेव्हा केवळ खेळासाठी असलेले यंत्र इतिहासजमा झाले, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो घाईचा आहे.

फोनचे खरे बळ किमतीच्या हिशेबात आहे. कुटुंब फोन घेते ते बोलण्यासाठी, पैसे पाठविण्यासाठी, शिकवणीच्या सूचनांसाठी. त्यावर खेळण्याचा सीमांत खर्च जवळपास शून्य. खेळयंत्राला मात्र आपली सगळी किंमत एकट्या खेळावर वसूल करावी लागते. निन्टेन्डोला २०११ साली ‘थ्रीडीएस’ची किंमत काही महिन्यांतच २५० डॉलरवरून १७० डॉलरवर आणावी लागली. सोनीच्या ‘व्हीटा’चे उत्पादन तर २०१९ साली थांबलेच.

असे असूनही निन्टेन्डोचाच २०१७ सालचा ‘स्विच’ पंधरा कोटींहून अधिक खपला, आणि तोही जगात फोन घरोघर पोचल्यानंतर! वस्तुतः तो फोनशी झुंजतच नाही. मारिओ आणि झेल्डा यांचे मोठे खेळ त्याच कंपनीच्या यंत्रावर मिळतात, कळा बोटांना जाणवतात, आणि घरी आल्यावर तो टीव्हीला जोडता येतो. जे फोन देऊ शकत नाही तेच विकावयाचे, हा त्यामागील साधा व्यापारी शहाणपणा. भारतात मात्र ‘स्विच’ आला तो आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातून. पगारदार कारकुनाला तो परवडण्याजोगा नाही, हे मान्य करावयास हवे.

तथापि किमतीचा हिशेब येथेच संपत नाही. फोनवरील ‘फुकट’ खेळ जाहिरातींतून आणि खेळाच्या आत विकल्या जाणाऱ्या वस्तूंतून कमाई करतो. साहजिकच खेळणाऱ्याने उठू नये, यातच त्याचे हित. पैसे आधीच मोजून घेतलेल्या खेळाच्या कर्त्याला अशी ओढ बरीच कमी असते. भारत सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी’वर बंदी घातली ती सुरक्षिततेच्या कारणावरून. २०२१ साली तोच खेळ नव्या नावाने परतला, आणि पालकांची मूळ तक्रार जागच्या जागी राहिली.

ती तक्रार लातुरात अधिक बोचते. ‘नीट’च्या तयारीसाठी मराठवाडाभरातून येथे मुले येतात. सराव-प्रश्न आणि खेळ एकाच पडद्यावर असतील, तर खेळाची किंमत रुपयांत नव्हे, अभ्यासाच्या तासांत मोजावी लागते. खेळयंत्र कपाटात ठेवून कुलूप लावता येते. फोनला कुलूप लावले की शिकवणीही बंद! म्हणूनच कित्येक पालक वसतिगृहातील मुलाच्या हाती साधा कळांचा फोन देतात. एकच काम करणाऱ्या वस्तूला गिऱ्हाईक उरलेले नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या फोनच्या खपाकडेही पाहावे.